लोंढ्यात जुन्या गाण्यांचं रेडिओ केंद्र चालेल का?

चार गाणंवेडी माणसं ओसरीवर बसली की कधी ना कधी हा बेत निघतोच. आपल्या भागात जुन्या गाण्यांचं एक रेडिओ केंद्र काढायचं. पहाटे अभंग, दुपारी भावगीतं, रात्री लता-रफी. ऐकणारी माणसं आहेत, गाणी तर आहेतच, आणि यंत्रंही पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत. मग अडतंय कुठे?

हा लेख लोंढा, खानापूर आणि आसपास असा बेत करणाऱ्यांसाठी आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. फक्त जुन्या गाण्यांचं, दिवसभर चालणारं, जाहिरातींवर जगणारं केंद्र लोंढ्याच्या बळावर चालणार नाही. पण गावाचं स्वतःचं केंद्र आणि त्यात रोज दोनेक तास जुनी गाणी, हे जमू शकतं. त्यासाठी काही गोष्टी आधी मोजायला हव्यात, आणि त्या मोजताना ऐकणाऱ्यांइतकंच पैसे देणाऱ्यांकडेही बघायला हवं.

पहिलं काम: रेडिओ घेऊन फिरा

मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही लागणारा एक साधा रेडिओ घ्या. लोंढा, गुंजी, नागरगाळी, तिनई घाट आणि पलीकडे रामनगर इथे सकाळी, दुपारी आणि रात्री काय काय स्वच्छ लागतं ते वहीत लिहून काढा. प्रत्येक ठिकाणी एकदा बाजारात उभं राहून ऐका आणि एकदा जंगलाकडच्या वाडीत. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की खरखर सुरू होते. मीडियम वेव्ह डोंगर ओलांडते, रात्री तर फार लांब जाते. पण तिचे ट्रान्समीटर आकाशवाणी एकेक करून बंद करत आली आहे. त्यामुळे लहानपणी जे केंद्र लागायचं ते आजही लागतं असं गृहीत धरू नका.

ही वही एवढ्यासाठी की जुनी गाणी या भागात आधीपासूनच येत आहेत. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासून आहे, सांगली १९६३ पासून. पणजीचं केंद्र तर पोर्तुगीज काळातल्या ‘एमिसोरा दि गोवा’चं वारसदार. खाली किनाऱ्यावर कारवार आहे, रत्नागिरी आहे. निपाणीकडच्या माणसाला सांगली जवळची, लोंढ्याला धारवाड आणि पणजी. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती तर आज जवळजवळ जुन्या गाण्यांसाठीच ओळखली जाते. ‘भूले बिसरे गीत’ आणि ‘छायागीत’ हे कार्यक्रम माहीत नसलेला साठीपुढचा माणूस शोधावा लागेल. आकाशवाणीला जाहिराती मिळोत न मिळोत, ती चालू राहते. तुमच्या केंद्राला हे भाग्य नाही. ज्याला नफा-तोट्याची फिकीर नाही अशा दुकानाशेजारी तोच माल मांडून बसण्याचा हा प्रकार आहे.

आणि आकाशवाणी ही काही एकटी प्रतिस्पर्धी नाही. २०१७ साली सारेगामा कंपनीने जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा ‘कारवाँ’ बाजारात आणला. आत पाच हजार गाणी भरलेली, मध्ये जाहिरात नाही, खरखर नाही. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून तो घरोघरी नेला. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्याकडे पेन ड्राइव्ह आहे, यूट्यूब आहे. म्हणजे आज कुणीही माणूस केवळ गाणं ऐकायला मिळावं म्हणून तुमचं केंद्र लावणार नाही. गाण्याच्या आधी-नंतर जे बोललं जाईल, ज्यांची नावं घेतली जातील, त्यासाठी लावेल.

हे नवीन नाही. १९५२ साली माहिती-प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हद्दपार झालं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ गाजली. ती गाणी लोकांना थिएटरातही ऐकायला मिळत होती. पण गाणं कितव्या पायरीवर आहे हे सांगणारा तो आवाज फक्त रेडिओवर होता. आणि झुमरी तलैयाचं काय सांगावं! आज झारखंडात असलेलं अभ्रकाच्या खाणींचं ते लहान गाव स्वतःचं कुठलंही प्रसिद्ध केंद्र नसताना देशभर माहीत झालं, ते केवळ फर्माइशीच्या पोस्टकार्डांमुळे. आपलं नाव रेडिओवर यावं ही हौस छोट्या गावात जास्त असते. लोंढ्याच्या केंद्राचं खरं भांडवल हीच हौस आहे. महागडा ट्रान्समीटर नंतर.

‘जुनी’ म्हणजे कुणाची जुनी?

बहुतेक बेत इथे घसरतात. बेत करणारा साठ-सत्तरीचा असतो आणि तो आपली आवड म्हणजेच गावाची आवड समजतो. हिशेब साधा आहे. माणसाला आयुष्यभर पुरतात ती गाणी साधारण बारा ते बावीस या वयात कानावर पडलेली. आज पंच्याऐंशीच्या आसपास असलेल्यांच्या त्या वयात गजानन वाटवे, माणिक वर्मा, मालती पांडे, सुधीर फडके होते. सत्तरीतल्यांसाठी श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर आणि लावणीत सुलोचना चव्हाण. साठीला टेकलेल्यांची गाणी किशोरकुमार आणि ऐंशीच्या दशकातली. पंचेचाळिशीतला माणूस कुमार सानू लागला की आवाज मोठा करतो आणि त्यालाच तो जुनी गाणी म्हणतो. त्याचं चूक नाही.

जाहिरातदार बघतो तो या पंचेचाळिशीतल्या माणसाकडे, कारण दुचाकी तो घेतो, मुलांच्या क्लासची फी तो भरतो, घराला कौलं घालायची की स्लॅब हे तो ठरवतो. न्यूयॉर्कसारख्या शहरातही हेच घडलं. तिथलं डब्ल्यूसीबीएस-एफएम हे जुन्या गाण्यांचं नावाजलेलं केंद्र ३ जून २००५ रोजी मालकांनी एका दिवसात बदलून टाकलं, कारण तरुण श्रोता हवा होता. श्रोते चिडले, आकडे घसरले, आणि १२ जुलै २००७ रोजी जुनी गाणी परत आली. मात्र परत येताना ‘जुनं’ची रेघ पुढे सरकवूनच आली. पन्नाशीच्या दशकातली गाणी मागे पडली, पुढच्या दशकांतली वर आली. मुंबईतही २०१६ साली ‘रेडिओ नशा’ सुरू झालं, ‘बिग एफएम’वर अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ गाजला. तिथे गाणी सत्तर-ऐंशीच्या दशकांकडे झुकलेली असतात, सैगलच्या काळाकडे नाही. भावगीतांचा सुवर्णकाळ मलाही जवळचा आहे, पण निव्वळ त्यावर केंद्र काढाल तर श्रोते दरवर्षी कमी होत जातील, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून घरोघरी विचारायला जाल तेव्हा ‘तुम्हाला जुनी गाणी आवडतात का?’ हा प्रश्न विचारूच नका. सगळे हो म्हणतील. विचारा की काल रात्री जेवणानंतर काय ऐकलंत, कशावर ऐकलंत, शेवटचा रेडिओ कधी लावलात, घरात चालू रेडिओ आहे का, मोबाइलमध्ये एफएम आहे का. बऱ्याच नव्या स्मार्टफोनमधून एफएम गायब झाल्यामुळे २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला फोन कंपन्यांना ते चालू ठेवण्याची सूचना द्यावी लागली. जिथे आहे तिथेही सहसा इअरफोनची वायर लावल्याशिवाय ते लागत नाही, कारण तीच वायर अँटेनाचं काम करते. शंभर घरांपैकी किती घरांत रेडिओ खरोखर लागू शकतो हा आकडा हातात आल्याखेरीज पुढचं एकही पाऊल टाकू नका. मोठ्या शहरांसाठी श्रोतृसंख्या मोजण्याची ‘रॅम’ नावाची व्यवस्था होती, तीही चार महानगरांपुरती. लोंढ्यासाठी कुणी मोजून ठेवलेलं नाही. ते तुम्हालाच मोजायचं आहे.

खासगी एफएमचं दार बंद आहे

काहींना वाटतं, एखादा पैसेवाला गाठून खासगी एफएम काढावं. हे लोंढ्यात होणार नाही, कारण तसा परवानाच मिळत नाही. खासगी एफएमच्या वारंवारता सरकार लिलावात विकतं आणि त्या शहरवार असतात. सीमेवरची आणि ईशान्येकडची काही गावं सोडली तर यादीत यायला शहराची लोकसंख्या लाखाच्या वर लागते. लोंढ्याची वस्ती काही हजारांची. बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेत ४ लाख ८८ हजारांच्या घरात होतं, तेव्हा तिकडचा विचार वेगळा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. ती मोठी बातमी झाली. पण त्याआधीचा अनुभवही बघा. २०१६ च्या लिलावात ९२ शहरांतल्या २६६ वाहिन्या मांडल्या होत्या, विकल्या गेल्या त्या ४८ शहरांतल्या ६६. चारात एक. ज्यांचा हा धंदाच आहे त्या कंपन्यांनीही लहान शहरांकडे पाठ फिरवली. बेळगावात उद्या खासगी केंद्र आलंच, तर त्याचा आवाज घाटमाथ्यावरच्या जंगलात किती पोचेल ही शंकाच, आणि ते गाणी लावेल ती कन्नड-हिंदी नव्या चित्रपटांची.

उरतं ते सामुदायिक रेडिओचं दार

सामुदायिक रेडिओ, म्हणजे कम्युनिटी रेडिओ, हा कायदेशीर आणि आवाक्यातला एकच मार्ग आहे. त्याची मर्यादा साधारण १०० वॅट. मोकळ्या माळावर तो दहा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, लोंढ्यासारख्या झाडी-डोंगरात त्याहून कमी. दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ नकाशावर लोंढ्याभोवती काढून बघा. आत येतं ते बरंचसं जंगलच. टॉवर कुठल्या टेकाडावर बसतो यावर निम्मं यश ठरेल. जागा निवडण्याआधी जाणकार अभियंत्याला एक दिवस बोलवा, त्याची फी वाया जाणार नाही. जंगलात टॉवर उभारायचा म्हणजे वनखात्याची परवानगी हा वेगळा अध्याय. शक्यतो महसुली जमीन, शाळेची किंवा संस्थेची गच्ची बघा. पावसाळ्यात वीज जाते हे लोंढेकरांना सांगायला नको. बॅटरी किंवा जनरेटरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा, कारण वीज गेली की टीव्ही बंद पडतो आणि नेमका तेव्हाच माणूस रेडिओकडे वळतो.

परवाना व्यक्तीला मिळत नाही. नफा कमावणाऱ्या संस्थेला नाही, राजकीय पक्षाला नाही, आणि पक्षाच्या विद्यार्थी, महिला, कामगार अशा कुठल्याही आघाडीला नाही. सीमाभागात ही अट नीट वाचावी. इथे सांस्कृतिक मंडळ आणि राजकीय संघटना यांच्या सीमारेषा पुष्कळदा पुसट असतात, आणि अर्ज त्यावरच अडकतो. नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली, गावात प्रत्यक्ष काम केलेली संस्था हवी. शाळा-कॉलेज, कृषी विज्ञान केंद्रं यांनाही मुभा आहे. अर्ज माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर करायचा. गृह आणि संरक्षण खात्याची मंजुरी, टॉवरच्या जागेची मंजुरी, मग वायरलेस परवाना, असे टप्पे आहेत. वेळ लागतो. दोन दिवाळ्या जातील असं धरून चाला.

सगळ्यात महत्त्वाची अट अशी की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत. म्हणजे दिवसभर रेकॉर्डवरची जुनी गाणी लावणारं केंद्र सामुदायिक रेडिओच्या चौकटीत बसतच नाही. बेत करणाऱ्यांना ही अट जाचक वाटते. मला ती त्यांच्या हिताची वाटते. का, ते पुढे गाण्यांच्या हक्कांपाशी आलो की सांगतो.

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ना खासगी केंद्राला ना सामुदायिक. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वाहतूक, परीक्षा आणि प्रवेश, वीज-पाण्याचं वेळापत्रक, रोगराईचा इशारा, सांस्कृतिक कार्यक्रम हे बातम्यांत धरलं जात नाही. लोंढ्यासारख्या जंक्शनवर ही मोकळीक सोन्याची आहे. गोवा एक्सप्रेस किती उशिरा आहे, घाटात दरड पडून गाडी अडकली आहे का, कॅसलरॉककडे पाऊस किती, हे दोन गाण्यांच्या मध्ये सांगणारं केंद्र लोक लावतीलच. आकाशवाणी हे सांगत नाही, कारवाँ तर नाहीच.

आता पैसे

२०२४ च्या फेब्रुवारीत सामुदायिक रेडिओसाठी जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बारा मिनिटांत दहा सेकंदांचे ७२ स्पॉट बसतात, म्हणजे तासाला ५,३२८ रुपये आणि आठ तासांना ४२,६२४. हा आकडा बघून पुष्कळांचे डोळे चमकतात. तो विसरून जा. तो सगळे स्पॉट सरकारी दराने रोज भरले तरचा आहे, आणि तसे ते भरत नाहीत.

खरा हिशेब बाजारपेठेत फिरून होतो. समजा लोंढा, गुंजी, नागरगाळी, रामनगर मिळून ४० दुकानदारांनी महिन्याला ५०० रुपये कबूल केले. किराणा, मेडिकल, मोबाइलवाला, खानावळ, काजूचा व्यापारी, खानापूरचे वीट-कौलवाले. झाले २०,००० रुपये. रोज केंद्र चालवायला निदान दोन माणसं लागतात. त्यांना दहा-दहा हजार दिले की रक्कम संपली. वीज, इंटरनेट, दुरुस्ती, रॉयल्टी, पावसात बिघडलेल्या वायरी हे सगळं उघड्यावर. आणि त्या चाळिसांपैकी सगळे दुसऱ्या महिन्यात पैसे देतीलच असं कुणी सांगावं? गावात उधारी कशी वसूल होते हे माहीत असलेला माणूस तुमच्या गटात असलाच पाहिजे. गाण्याचा जाणकार नसला तरी एक वेळ चालेल.

म्हणूनच जी सामुदायिक केंद्रं टिकली ती कशाच्या आधाराने टिकली ते बघा. म्हसवडचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून माणदेशी फाउंडेशनच्या पाठबळावर आहे. बारामतीच्या ‘वसुंधरा वाहिनी’मागे विद्या प्रतिष्ठान आहे. जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळा वाणी’मागे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटी. बेळगावात ‘वेणुध्वनी’मागे केएलई संस्था, धारवाडला कृषी विद्यापीठ. निव्वळ दुकानदारांच्या जाहिरातींवर उभं राहिलेलं यांतलं एकही नाही. तेव्हा लोंढ्यात पहिला प्रश्न ‘ट्रान्समीटर कुठला घ्यायचा’ हा नसून ‘खर्च पोटात घालणारी संस्था कुठली’ हा आहे. शिक्षणसंस्था, पतसंस्था, धर्मादाय दवाखाना, कुणीही. अशी संस्था तुमच्या तालुक्यात तयार नसेल तर बेत इथेच थांबवा. त्यात कमीपणा नाही.

जुन्या गाण्यांचे हक्क: पुष्कळांचा गैरसमज

‘साठ वर्षं झाली की गाणं फुकट’ हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्यावर नोटीस येते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेली रेकॉर्ड २०२४ अखेर मोकळी झाली. पण रेकॉर्ड हा एक हक्क. तिच्यातले शब्द हा दुसरा, चाल हा तिसरा, आणि हे दोन्ही त्या त्या कवी-संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतात. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले. सर्वसाधारण नियमाने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. भा. रा. तांबे १९४१ सालीच गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. पण वसंत प्रभूंनी त्यांना लावलेल्या चाली नाहीत, कारण प्रभू साठच्या दशकाच्या अखेरीस गेले. म्हणजे एकच गाणं एका अंगाने मोकळं आणि दुसऱ्या अंगाने बांधलेलं असू शकतं.

यातून वाट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-ड नुसार रेडिओ केंद्राला आगाऊ नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून गाणी लावता येतात; मालकाने नाही म्हटलं तरी. दर ठरवण्याची पद्धत मात्र बदलत आली आहे. २०१० साली कॉपीराइट बोर्डाने ध्वनिमुद्रिकांसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले होते. ३१ डिसेंबर २०२० च्या आदेशाने गाणी वाजवण्याच्या तासांवर दर आले. तुमच्या केंद्राला आज काय लागू आहे ते जाणकार वकिलाकडून लेखी घ्या, आणि शब्द-चालींसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रिकांसाठी पीपीएल किंवा सारेगामासारख्या कंपन्या यांच्याशी वेगवेगळं बोला. एकाला पैसे दिले की सगळ्यांचे फिटले, असं होत नाही.

निम्म्या स्थानिक कार्यक्रमांची अट हिताची म्हणालो ती इथे. खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळांची भजनं, गवळणी, भारुडं, धनगरांच्या ओव्या, होळीची गाणी ही सगळी जुनी गाणीच आहेत. शब्द परंपरेचे, म्हणजे त्यावर कुणाची मालकी नाही. गाणाऱ्यांची लेखी संमती आणि यथाशक्ती मानधन एवढं केलं की ती तुमची. जात्यावरच्या ओव्यांचं मोल लोकांना कळायला फार वेळ लागला. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि आज त्यांतल्या पुष्कळ ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या ओव्याही अशा कुणी जमवून ठेवायला हव्यात, आणि त्यासाठी रेडिओ हे उत्तम निमित्त आहे. लताबाईंचं गाणं कुठेही मिळतं. हेम्मडग्याच्या आजीचं गाणं फक्त तुमच्याकडे मिळेल, आणि ते लागणार आहे हे कळलं की तिचं सगळं गणगोत रेडिओ लावेल.

भाषेबद्दल थोडक्यात. लोंढा हे रेल्वेचं गाव. मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी, सगळं प्लॅटफॉर्मवर ऐकू येतं. जुन्या गाण्यांच्या तासात सुधीर फडके यांच्याशेजारी ख्रिस पेरी-लॉर्नाचं कोंकणी आणि राजकुमार, पी. बी. श्रीनिवास यांचं कन्नड असू द्या. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, त्यांची निर्गुणी भजनं इथे कुणाला परकी वाटणार नाहीत. एकाच भाषेचं केंद्र काढलंत तर श्रोते तर अर्धे होतीलच, शिवाय केंद्र वादात सापडेल. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो रेडिओवर सोडवायला जाऊ नका.

दोन आडवाटा, टाळायच्या

ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आणून गुपचूप सुरुवात करायची, ही पहिली. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महतो या तरुणाने पन्नासेक रुपयांच्या यंत्रावर गावाचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. लोकांना ते फार आवडलं, बाहेरच्या पत्रकारांनी कौतुक केलं, आणि २००६ साली परवाना नाही म्हणून ते बंद करण्यात आलं. कौतुक झाल्याने परवाना मिळत नाही.

दुसरी इंटरनेट रेडिओची. पुणे, मुंबई, गोव्यात कामाला गेलेले खानापूरकर ऐकतील म्हणून ती मोहात पाडते. वारंवारतेचा परवाना तिथे लागत नाही हे खरं, पण गाण्यांचे हक्क लागतातच. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली टिप्स विरुद्ध विंक खटल्यात कलम ३१-ड इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्यांना लागू नाही असं म्हटलं. म्हणजे तिथे प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र करार. मात्र तुम्ही स्वतः ध्वनिमुद्रित केलेली भजनं, ओव्या, जुन्या रेल्वे कामगारांच्या मुलाखती इंटरनेटवर ठेवायला हरकत नाही.

ट्रान्समीटर घेण्याआधी तीन महिने हे करा. आठवड्याला अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करा: दोन स्थानिक गाणी, एका जुन्या माणसाची आठवण, गावाच्या चार सूचना. बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या किंवा मंडळाच्या परवानगीने तो ऐकवा, व्हॉट्सअॅपवर पाठवा, आकाशवाणीच्या जवळच्या केंद्रालाही दाखवा. लोक फर्माइशी पाठवतात का बघा, आणि त्या कुठल्या वाडीतून, कुठल्या वयाच्या माणसाकडून आल्या हे लिहून ठेवा. त्याच वेळी दुकानदारांकडून सहा महिन्यांची रक्कम आगाऊ मागा. तोंडी ‘बघू’ म्हणजे नकारच. तीन महिन्यांनी फर्माइशी वाढत असतील, निदान पंचवीस दुकानदारांनी आगाऊ पैसे दिले असतील आणि एका संस्थेने बाकीचा खर्च लेखी उचलला असेल, तर ‘ब्रॉडकास्ट सेवा’वर अर्ज भरा. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर अर्ज भरू नका. साप्ताहिक कार्यक्रम चालू ठेवा आणि धारवाड, पणजीला फर्माइशी पाठवत राहा.